पत्रिका ऱ्हाऊ द्या, तेल दाखवा

...न्हाई, पण मी म्हणतो, लग्न माझं, टँकर माझा, टँकरच्या बुडातलं तेल बी माझं, आणि ते तेल बाटलीत भरून, वर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असं फळीवर मांडून ठेवणार कोण, तर भुकूमचा विठ्ठलनाना मिस्त्री! आरं, कुणी सांगितलंय तुला? बरं, भांडायला जावं तर माणूस असा, की नाव ठेवायला जागा न्हाई!

तुमाला सांगतो, मी राजू, माणचा. आमच्या भाताच्या खाचरांवर आता काचंच्या इमारती उभ्या हायेत, आई खोल्या भाड्यानं देती आणि मी पाण्याचा टँकर चालवतो. हिंजवडीत बाविसाव्या मजल्यावर जो साहेब शॉवरखाली गाणं म्हणतो ना, तो माझ्या टँकरच्या जिवावर. आणि टँकर कुणाच्या जिवावर? तुमी म्हणाल इंजिनाच्या. चूक! मागच्या चाकांच्या मधी, खाली, एक गोल डबा लोंबतो बघा, टरबुजाएवढा... डिफरन्शल. त्याच्या पोटात मोठाली दातेरी चाकं, इंजिनाचा समदा जोर चाकांत वतणारी, आणि ती बुडालेली असत्यात जाड्या तेलात. गाडीचा सगळा भार त्याच्यावर, आणि जल्मात कुणी वाकून बघत न्हाई त्याच्याकडं! टायर बघत्यात, हॉर्न बघत्यात, मागं 'आईचा आशीर्वाद' रंगवत्यात, त्यो बिचारा खाली गपगुमान दळत असतो. आणि एक दिवस तेल जळलेलं असतं, आणि भर रस्त्यात... कडाड्! दहा हजार लिटर पाणी जाग्यावर उभं, मागं दोन मैल कंपन्यांच्या कॅबा, आणि प्रत्येक कॅबमधनं एक माणूस तुमच्या आईची चौकशी करतोय!

तर हे तेल बदलायचं. साधं काम वाटतं का न्हाई? जावा नानाकडं! पत्र्याची शेड, बसायला फुटका टायर, चहा इचारायची पद्धत न्हाई. मी पयल्यांदा गेलो, म्हणलं, "नाना, मागचं तेल बदलायचंय." माझ्याकडं न बघता म्हणतो, "कुटनं आलास?" म्हणलं, "माणहून." "किती टाइम उभी हाय गाडी?" "हितं नंबर लागंस्तवर, दोन-तीन तास." "मग पौडपर्यंत जाऊन ये." आरं, पौडला माझं काय काम? तर म्हणतो, "तेल गार हाय. गार तेल घाण बुडाला ठेवून एकटंच बाहेर येतं. गरम झालं की समद्या पोराबाळांस्नी घेऊन निघतं. जा." गेलो! पौडला जाऊन, काही काम नसताना वळून परत आलो, खाली शिरलो, पाना लावला खालच्या बोल्टला, तर वरडला की हो, "हात काढ! आधी वरचा!" म्हणलं, नाना, तेल खालनंच पडणार ना? तर म्हणतो, "खालचा काढलास, तेल सांडलं, आणि वरचा गंजून बसला असला, मग नवं तेल काय नाकानं वतणार व्हय रं?" तुमीच सांगा, नाव ठेवायला जागा हाय का?

मग तेल पडतं. घमेल्यात. आणि नाना त्यात बोट बुडवतो, चिमटीत घासतो, नाकाला लावतो, डोळं मिटतो. आपण उभं! डॉक्टरपुढं रिपोर्ट घेऊन उभं ऱ्हातो ना, तसं. खालच्या बोल्टला चुंबक असतं, त्याला लोखंडाचा चुरा चिकटलेला, तो बोटावर घेऊन उन्हात बघतो. मग नवं तेल, वरच्या भोकाच्या काठाला लागून थेंब बाहेर वघळंस्तवर, थेंब कमी न्हाई, थेंब जास्ती न्हाई. मग बोल्ट आवळून वर पिवळ्या रंगाची रेघ, अर्धी बोल्टावर, अर्धी डब्यावर, म्हंजे कुणी बोल्ट हलवला की रेघ तुटली. आणि शेवटी... बाटली! जुनं तेल छोट्या बाटलीत, वर चिठ्ठी, गाडीचा नंबर, नाव, तारीख, आणि फळीवर. अख्ख्या मुळशीतल्या ट्रकांच्या, टिपरांच्या, टँकरांच्या बाटल्या, ओळीनं, आईच्या लोणच्यासारख्या! ज्याचं तेल मधासारखं, त्यानं छाती काढून फिरावं, ज्याचं काळं, त्यानं भुकूममधनं जाताना काचा वर घ्याव्या. जुनी गाडी घ्यायची झाली तर लोक आधी नानाची फळी बघत्यात, मग गाडी. आणि नाना कुणाची चांगली सांगत न्हाई, कुणाची वाईट सांगत न्हाई. म्हणतो, "बाटली हाय की समोर."

माझ्या तीन वर्षांत तीन बाटल्या झाल्या. तिन्ही मधासारख्या. मग माझी बुद्धी फिरली!

काय झालं, हायवेला एक काचंचं वर्कशॉप निघालं. आत एसी, सोफा, मशिनची कॉफी. दारातच एक मॅनेजर, टाय लावलेला, हातात टॅबलेट, "वेलकम राजू सर!" आता तुमी हसाल, पण खरं सांगतो, तोवर मला जल्मात कुणी सर म्हणलं नव्हतं. टँकरवाला म्हणलं, ए पाणी म्हणलं, भैया म्हणलं... माणच्या पाटलाच्या पोराला भैया! आणि हितं सर! मी विरघळलोच. दोन कॉफ्या पिलो. तासाभरात मॅनेजर रंगीत कागद घेऊन आला, "सर, कम्प्लीट चेकअप केलं, इंजिन ओके, ब्रेक ओके, रिअर अॅक्सल ऑइल, म्हंजे मागचं तेल, ओके, एव्हरीथिंग इज ग्रीन, सर! बस फीडबॅक में दस में से दस दे दो!" दिलं. दहापैकी दहा! वर लिहिलं, लई भारी. गाडी गरम न्हाई केली, रेघ न्हाई ओढली, बाटली न्हाई ठेवली, म्हणलं, सुटलो एकदाचा त्या म्हाताऱ्याच्या तावडीतनं.

दीड वर्ष गेलं. मागनं आवाज यायला लागला, ऊंऽऽऽ असा, पाय उचलला की जास्ती. मी काय केलं? टेपचा आवाज वाढवला!

आणि आता ऐका. हिंजवडीत ज्या सोसायटीला माझं पाणी जातं, तिथं हापिसात ऋतिका म्हणून पोरगी हाय, भुकूमची. तिच्याकडं पेनासारखं एक मशीन हाय, पाण्यातलं क्षार मोजायचं, ते पाण्यात बुडवून आकडा बघितल्याबिगर मला पाइप जोडू देत न्हाई. चार वर्षं बघतीया रोज, आकडा. मी बी बघतुया... आकडा न्हाई. झालं, आईनं निरोप धाडला, पोरगी हो म्हणाली, समदं जुळत आलं, आणि तिचा बाप, अण्णासाहेब, तीस वर्षं ताम्हिणी घाटात ट्रक चालवलेला माणूस, आमच्या घरी पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणतो, "पत्रिका ऱ्हाऊ द्या. गाडी विठ्ठलनानाकडंच असती ना? मग उद्या सकाळच्याला तेल बघून येतो." मी बशीतल्या मिरच्या मोजायला लागलो! आई म्हणती, "तेलाचा आणि लग्नाचा काय संबंध वो, अण्णासाहेब?" तर म्हणतो, "वैनी, कुणाला दिसत न्हाई त्या जागंची जो काळजी घेतो, त्याच्याकडं पोरगी दिली की बापाला झोप लागती." सासरा बी मेला असा निघाला, की नाव ठेवायला जागा न्हाई!

पाहुणे दाराबाहेर गेले आणि मी टँकर काढला. भुकूम. नानानं बघितलं, एवढंच म्हणला, "पौडला जाऊन आलास का?" म्हणलं, "आलो." कारण आता मलाच सवय लागलेली! नाना खाली गेला, फडक्यानं वरचा बोल्ट पुसला, आणि त्याच्यावर बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. पिवळी रेघ... जशीच्या तशी! तिसऱ्या बाटलीच्या वक्ताला नानानं वढलेली, केसभर तुटलेली न्हाई! म्हंजे त्या काचंवाल्यानं बोल्टाला हातसुद्धा लावला नव्हता, आणि मी दहापैकी दहा देऊन, लई भारी लिहून आलो होतो! मला वाटलं, नाना आता शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं वो. त्यानं पाना उचलला आणि बोल्टाला लावला. मला लई लाज वाटली, खरंच सांगतो. तेल पडलं... काळं, जळका वास, आणि चुंबकावर चुऱ्याची ही एवढी दाढी! नानानं ती बोटावर चोळली, चोळली, चोळली, माझा जीव टांगलेला, आणि म्हणला, "पीठ हाय. खडा न्हाई. दात अजून शाबूत हायेत, थोडक्यात वाचलास." आणि बाटली भरली.

मी पाय धरायचे बाकी ठेवले. "नाना, ही बाटली दोन दिस खाली ठेवा की. संसाराचा सवाल हाय." "तिची जागा चौथी. चौथ्या जागंवर ऱ्हाईल." "मग शेजारची हैबतरावाची बाटली तरी माझ्या नावानं...?" "हैबतरावाचं लगीन झालंय." अशा माणसाला काय करावं सांगा! चिडलो मी, लई चिडलो, पण टँकर काढून निघालो तर मागचा आवाज निम्म्यानं कमी, आणि मनात आलं, माझ्यासाठी खोटं बोलला असता, तर माझ्या डब्याबद्दल पीठ हाय म्हणला, ते तरी खरं कसं मानलं असतं? असा माणूस आपल्या तालुक्यात हाय, याचा मला अभिमानच वाटला. राग बी होताच. दोन्ही होतं.

सकाळी अण्णासाहेब. चारी बाटल्या एकेक करून उन्हात धरल्या. मध, मध, मध... डांबर. माझ्याकडं वळले. "हे काय?" मी नानाकडं बघितलं, तो पाना पुसतोय. मग म्हणलं जाऊ दे. सांगून टाकलं. "अण्णासाहेब, मला तिकडं सर म्हणले, म्हणून मी गेलो. चुकलो." ते हसले न्हाईत, रागावले बी न्हाईत. नानाला विचारलं, "डबा वाचंल?" नाना म्हणला, "नवं तेल घातलंय. पाच हजार किलोमीटर चालवू द्या, मग परत उघडू. तेल साफ निघालं तर वाचला." अण्णासाहेबांनी बाटली जाग्यावर ठेवली आणि म्हणले, "मग तवाच बघू. ती बाटली साफ निघाली की लग्नाची तारीख काढू."

पाच हजार किलोमीटर! आवो, माझी विहीर माणला, गिऱ्हाईक हिंजवडीला, मधी अंतर तीन किलोमीटर! त्यात निम्मा दिवस ट्रॅफिकमधी उभा, इंजिन चालू, मीटर जागचा हलत न्हाई! कुणाला हापिसाला उशीर होतो, कुणाची मीटिंग चुकती, माझं लगीन पुढं जातंय सिग्नलला! म्हणलं, नाना, रिकामी पळवून आणू का कोल्हापूरपर्यंत? "रिकामी न्हाई चालणार. लोड पायजे. रिकाम्या गाडीत तेलाची परीक्षा होत न्हाई." बरोबरच हाय! नाव ठेवायला जागाच ठेवत न्हाई तो माणूस!

म्हणून मग मी आता भरल्या टँकरनं फिरतो. माणहून हिंजवडीला जायला पौडवरनं जातो. पौडचे लोक विचारत्यात, "पाणी कुणाला रं?" म्हणतो, "कुणालाच न्हाई." काल सोसायटीत पोचायला चार तास लागले, पाणी पार कोमट, ऋतिकानं मशीन बुडवलं, आकडा बघितला, माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "आज कुठून आणलंत?" म्हणलं, "पौडवरनं." मान खाली घातली, वहीत काहीतरी खरडलं, आणि हळूच म्हणाली, "उद्या अजून लांबून आणा."

चला, उठतो मी. हितनं हिंजवडी तीन किलोमीटर हाय आणि संध्याकाळच्या आत पोचायचंय... ताम्हिणीवरनं.