पाइप आडवा हलतो

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती अर्थात आमचे साहेब, पहिल्या रांगेतल्या काकू म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती, आणि भाषण लांबलं तर खुर्च्या वाजवायला टपून बसलेली आमची वर्कशॉपची मंडळी, सर्वांना नमस्कार.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला माणूस. साहेबांची तीस वर्षं तीन मिनिटांत कशी बसवू? एकच दिवस सांगतो.

पाहुण्यांसाठी थोडक्यात: समुद्राच्या तळापासून पाण्यावर उभ्या फलाटापर्यंत तेल आणणारा लांब, लवचिक पाइप असतो. वाहतं पाणी त्याला वळसा घालताना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरा सोडतं. त्या तालावर पाइप थरथरतो आणि थरथरून थरथरून एक दिवस तडकतो. त्याला शांत कसं करायचं, ते आम्ही आमच्या हौदात बघतो.

साहेब म्हणाले, पाइपभोवती मळसूत्रासारख्या तीन पट्ट्या गुंडाळ, म्हणजे भोवरे एका तालात सुटणार नाहीत. मी म्हटलं, एकीवर भागतं! कडाक्याचं भांडलो. एकच पट्टी लावली, सेन्सर चिकटवला, पाणी सोडलं. पडद्यावर रेघ जवळजवळ सपाट! मी हौदाच्या कठड्यावर चढून ओरडलो, "साहेबांचं आता वय झालं!"

हसताय काय? तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या.

साहेब पुढे आले. माझा हात धरून पाइपच्या वरच्या टोकावर ठेवला. कोपरापर्यंत हादरलो.

नोंदी घेणाऱ्या बाईंनी, म्हणजे साहेबांच्या कन्येने, वही मिटली. "पाणी पुढे ढकलतं म्हणून सेन्सर पुढच्या बाजूला लावलास ना? तो फक्त पुढे-मागे हलणं मोजतो. अरे शहाण्या, भोवरे डावे-उजवे सुटतात. पाइप आडवा हलतो!"

त्या क्षणी माझं जे झालं, ते मोजायला आपल्याकडे सेन्सर नाही.

साहेबांनी मला हाकललं असतं तर चाललं असतं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझ्यासोबत तिन्ही पट्ट्या गुंडाळल्या. पाइप इतका गप्प झाला, की बाईंनी दोनदा विचारलं, "पाणी चालू आहे ना?"

याला दोन वर्षं झाली. आता खरं सांगतो. गेल्या महिन्यात बाई मला म्हणाल्या, "माझं ठरलंय. बाबांना तू विचार. सगळ्यांसमोर विचारलंस तरी चालेल, पण न ओरडता." साहेबांच्या हाताखाली असताना विचारलं असतं, तर हीच मंडळी म्हणाली असती, पोरगा बढतीसाठी चिकटला. आज सकाळी साहेबांनी चाव्या परत दिल्या. आता ते माझे वरिष्ठ नाहीत. म्हणून हळू आवाजात विचारतो: साहेब, रविवारी आईबाबांना घेऊन तुमच्या घरी येऊ?

मान हलली! काकू, तुम्ही जवळ आहात, आडवी हलली की उभी? नको, बाईच सांगतील, माझ्या मोजण्यावर इथे कुणाचा भरवसा नाही.

उभी? नक्की?

उभी!

ओरडलो, माफ करा. अध्यक्ष महोदया, बोलू दिलंत, मनापासून आभार. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. आणि साहेब, ते वयाचं तेवढं मागे घेतो.