दंगलीसाठी पंचवीस माणसं

"हॅलो?… कोण, रघुवीर? हो रे, मीच, कमळामावशी. बोल."

फणसवाडीतल्या त्या गल्लीत फोन एकच, डॉक्टरांच्या दवाखान्यात. नाटक मंडळ्यांना गर्दीची माणसं पुरवणाऱ्या कमळाबाई पोळ्या टाकून धावत आल्या होत्या. भाचा रघुवीर लष्करी कचेरीत कारकून. आज तो भलताच तापला होता.

"ओरडू नकोस, इथे पेशंट बसलेत… हो, पंचवीस माणसं मागितलीस, सकाळी मैदानावर सत्तावीस आणली. दोन फुकट… अरे, माहीत आहे मला! मित्रदेशाचे आठ अधिकारी आलेत. भांडणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून शांतता कशी राखायची ते शिकणार, मग मायदेशी जाऊन आपल्या फौजेला शिकवणार. खर्च आपल्या सरकारचा… हो, चहा-वड्यासकट मंजूर. सरावाला खोटी दंगल हवी होती. झाली ना दंगल?"

पलीकडून बराच वेळ भडिमार चालला. कमळाबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"घोषणा? तू लिहून दिलेलीच दिली… 'आम्हाला धान्य द्या.' तीनदा दिली. मग… अरे, ऐक तर! लालबागच्या बायका त्या. दोन वर्षं दुसरीच घोषणा देतायत, तोंडात बसलीय. एकीनं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हटलं की बाकीच्यांना थांबवणार कोण? मी?… नाही, मी नाही दिली… शेवटी शेवटी दिली."

कंपाउंडर पुड्या बांधायचा थांबला.

"पांगा म्हटल्यावर पांगल्या नाहीत, हे खरं. त्याचं असं झालं… शेवंती नाही का, मिलमधली? छपन्नच्या गोळीबारात तिच्या नवऱ्याच्या पायाला गोळी लागली, अजून लंगडतो. ती सरळ त्या आठांतल्या उंच कप्तानापुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, 'बंदूक खंय ठेवलंस?'… त्याला कुठली मराठी! पण कळलं बघ. दोन्ही हात उघडे करून दाखवले त्यानं. ती बघतच राहिली. मग मातीतच बसली नि रडायला लागली… नाही रे. नाटकातलं रडणं मला कळतं. हे तसलं नव्हतं."

कमळाबाईंनी बोटांना चिकटलेली कणीक खरवडून काढली.

"हो, आहे मी फोनवर… मग कप्तानही तिच्याशेजारी बसला. मग सगळेच बसले. वडे आले, खाल्ले… तास वाया कसा गेला? एवढी शांतता तुमच्या कवायतीत तरी होते का?… हो, सराव बघायला आलेल्या तुझ्या दिल्लीच्या साहेबांना घोषणेचा अर्थ मीच सांगितला. म्हटलं, 'शांतता झालीच पाहिजे' असं म्हणतायत… मग काय खरं सांगू? तुझी नोकरी राहिली असती?"

आता त्यांच्या भुवया वर चढल्या.

"काय?… साहेबांना आवडलं? मग मघापासून माझ्यावर कशाला ओरडतोयस?… आठही जणांनी 'झालाच पाहिजे' पाठ केलं? आणि सचिवालयाच्या जिन्यावर नमस्काराऐवजी तेच म्हणाले? मोठ्यांदा? अगं बाई!"

हसू आवरेना. पदर तोंडाला लावला, तरी बाकावरचे पेशंट बघायला लागलेच.

"बरं, बरं, नाही हसत… पुढच्या गुरुवारी पुन्हा? हीच माणसं? त्यालाही मंजुरी आली?… देते. पण एक अट आहे… वडे नकोत रे! अट शेवंतीची आहे, आणि आता माझीही. परदेशच्या माणसांना हातात बंदूक न घेता गर्दीपुढे उभं राहायला शिकवताय ना? मग मागच्या रांगेत आपलेही चार पोलीस बसवा… चेष्टा नाही करत. साहेबांना विचार… घाबरतोस काय? मंजुरी त्यांच्याच सहीनं येते ना?… हॅलो? रघू?… हॅलो?"

लाइन तुटली होती, की भाच्यानंच फोन ठेवला होता, कोण जाणे. कमळाबाईंनी कंपाउंडरकडून कचेरीचा नंबर शोधून घेतला आणि स्वतःच फिरवला.

"हॅलो? कारकून नको बाबा, साहेबांना द्या… कोण म्हणून काय सांगू? सांगा, दंगलवाल्या कमळाबाई आहेत."