वानखेडेची सोबत

अरे, त्या वानखेडेनं माह्यासंगं काय केलं, ते आयका. कोविडनं मले पार पिळून काढलं होतं. कित्येक महिन्यांनी प्लांटात ड्युटीवर परतलो, तर गेटपासून शॉपपर्यंत, म्हंजे आमच्या कामाच्या शेडपर्यंत, जाताजाताच धाप लागे. साहेबाले वाटे, हा नाटक करून राहिला.

त्यातच क्रेन चालवणारा वानखेडे रोज माह्यासोबत चालू लागला. मी थांबलो की तो थांबे, जिन्यात बसलो की बाजूले बसे. आधी कधी साधा रामराम नव्हता त्याचा! मी म्हटलं, हा नक्की साहेबाचा खबऱ्या. माही धाप खरी असल्याची खबर पक्की जावी म्हणून मी मुद्दाम जास्त वेळ बसू लागलो, तर हा उलट खुश!

शेवटी प्लांटाबाहेर सुपेल्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर धरलंच त्याले. "कावून लागला बे माह्या मागं? साहेबानं पाठवलं ना तुले?"

त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणे, "नाही भाऊ. मलेही तुह्यासारखीच धाप लागते. सांगितलं तर क्रेनवरून उतरवतील. तुह्यासंगं थांबलो की लोकाले वाटते, तुह्यासाठी थांबलो."

त्यानं माह्या चहाचे पैसे दिले अन् म्हणे, "एवढंच कर भाऊ, लवकर बरा नको होऊ."