काचेचा कठडा

सोमवारी दुपारी चार वाजता, तिसऱ्या मजल्यावर, समुद्राकडच्या बाल्कनीत — पोलिसांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतेय. तुमची बहीण काच पुसताना कठड्यावर चढली. चढलीच असणार ना? नाहीतर पडेल कशी? बसा ना दादा, उभे का — सोफ्यावर नको, ही खुर्ची घ्या.

अहो, इथे काच रोज पुसावी लागते. खारं वारं! सकाळी लख्ख केली की संध्याकाळी पांढुरकी. समुद्र दिसावा म्हणून घर घ्यायचं आणि बघायचं काय, तर धुरकट काच! आणि आतून पुसून काय उपयोग, मीठ बसतं बाहेरून. त्यात पाच वाजता लोक फ्लॅट बघायला यायचे होते. हो, विकतोय. का म्हणजे? कंटाळलो.

काय म्हणता, शुद्धीवर आली? कधी? — बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला. बोलली काही? ...कठडा हातात आला म्हणते? छे! डोक्याला मार लागलाय, तिला काय आठवणार. कठडा पक्का आहे. होता. म्हणजे, स्क्रूंना गंज चढतोच इथे, कुणाकडे नाही? आमचे हे म्हणायचे, बोटाने फिरतात म्हणून — पण हे मुळात घाबरट. नातवाला तर त्या बाल्कनीत पाऊल टाकू देत नाहीत... असं काय बघताय? वारा लागतो म्हणून! सर्दी होते पोराला.

तिला सांगितलं होतं का? अहो, कामाच्या घाईत काय काय सांगत बसायचं? आणि सांगितलं असतं तर वाकून पुसली असती का तिने — तसं नाही म्हणायचं मला. शब्दात पकडू नका हं. घरातलीच मानायचो आम्ही तिला. विचारा हवं तर.

जबाब बदलू? मी? हे घरी आल्याशिवाय मी काही — अहो, तिकडे कुठे निघालात? बरं, बघा. हलवून बघा. हलतोय? नाही ना? कालच तर बसवून घेतला, सगळा नवा.

जुना?

जुना... ते घेऊन गेले, बसवणारे. कुठे ते मी कशाला विचारू? या आता तुम्ही. उद्या सकाळी पोलीस येणार आहेत कठडा तपासायला, मला घर आवरायचंय.