सावली न पडलेली दुपार

हॅलो?… हो वहिनी, बोल. नाही गं, पेपर तपासत बसले होते.

ठकूचा नकाशा? आत्ता? उद्या तुला कोर्टात जायचंय ना… हो, हो. बरं, रंगवू दे. तेवढीच गुंतून राहील.

अगं ऐक ना. मधली आडवी रेघ विषुववृत्त. तिच्या वर साडेतेवीस अंशांवर कर्कवृत्त, खाली तेवढ्याच अंतरावर मकरवृत्त. या दोघांमधला पट्टा पिवळा… का म्हणजे? सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो फक्त याच पट्ट्यात. भर दुपारी सावली पायाखाली जाते.

…हो. दादाच्या शेवटच्या पत्रात होतं, तसंच.

आईचं काय घेऊन बसलीस! 'ज्याची सावली नाही तो आपल्यातला नाही' म्हणे. आठ वर्षं समजावतेय तिला, यात भुताखेताचं काही नाही.

पत्र हातातच आहे? उद्याच्या कागदांना जोडायला… वाच.

'जहाज तेवीस अंशांवर नांगरलंय. आज बाराला डेकवर माझी सावलीच पडली नाही. उद्या उतरतो.' पाठ आहे गं मला. पाकिटावरचा शिक्का पुसलेला, जहाज कंपनी बंद पडलेली. म्हणून तर तेवीस अंश म्हणजे आपल्याकडचं कर्कवृत्तच असं धरून तिथल्या एकेका बंदराला मी पत्रं…

काय? वर काय लिहिलंय?

थांब. पुन्हा वाच.

बावीस डिसेंबर.

नाही… पत्र आलं तेव्हा फोनवर तू तारीख वाचलीच नव्हतीस. अगं, तुझा काय दोष? मी विचारायला हवी होती. वर्गात रोज घसा फोडते, तारीख विचारल्याशिवाय सूर्य कुठे ते सांगायचं नाही…

वहिनी, डिसेंबरात सूर्य मकरवृत्तावर असतो. वरच्या रेघेवर त्या दिवशी दुपारी बारालाही सावली पडते. चांगली माणसाएवढी.

हो, म्हणजे दादा खालच्या रेघेजवळ होता. तिथल्या एकाही बंदराला आपण विचारलेलं नाही.

रडू नकोस… जिवंत आहे असं मी म्हटलेलं नाही. एवढंच म्हणतेय, 'सर्वत्र शोध घेतला, सबब मृत समजावे' याच्याखाली उद्या सही करू नकोस. वकिलांना मी सांगते, चूक माझी आहे.

ठकू काय विचारतेय?… नको, फोन तिलाच दे.

ठकू? हो, आत्याच.

…कोण? बाबा अजून तिथेच उभे आहेत का?

माहीत नाही, बाळा. तू ती खालची रेघ जाड कर. तिच्यावरची बंदरं मी आत्ता उतरवून काढते.

हो. ठेव.