मल्लूच्या लग्नाचं पोस्टर

आमचा भवानी पेठेतला मल्लू स्वतःला लई टेक्निकल समजतो. मागं त्यानं घरातले सगळे व्हिडिओ एका जुन्या कम्प्युटरवर भरले, त्यात सिनेमे लावायचं एक ॲप टाकून तो टीव्हीला जोडला आणि ते बघायला सासू-सासऱ्यांना अन् मला चहाला बोलावलं.

"व्हिडिओला फक्त नाव द्यायचं. पोस्टर आणि गोष्ट ॲप आपोआप शोधून लावतं," मल्लू म्हणाला.

त्यानं स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ उघडला. ॲपनं तो कुठला तरी इंग्रजी सिनेमा समजून त्याला भुताच्या बंगल्याचं पोस्टर लावलं होतं. खालची इंग्रजी गोष्ट वाचून मल्लूच्या बायकोनं, शैलावहिनींनी, आपल्या वडिलांना मराठीत सांगितलं, "एक बाई लग्न करून अनोळखी घरात येते. मग तिला बाहेर पडायची वाटच सापडत नाही."

मल्लू रिमोट चाचपडत म्हणाला, "चुकीचं लागलंय ते, बदलतो."

"राहू द्या की, बरोबर लागलंय," वहिनी म्हणाल्या.

सासऱ्यांनी हळूच विचारलं, "मग पुढं काय होतं गं तिचं?"

"अजून चालूच हाय, आप्पा," म्हणत वहिनी कपबशा घेऊन आत गेल्या.