मनगटातली फट

मी राणीसावरगावची रेणुका, पर गावात न्हाई जन्मले, मेंढरामागं कुण्या शिवारात जन्मले. साल विचारलं तर माय सांगती, काळ्या मेंढीला दोन पिल्लं झाली तवा. आता त्या मेंढीचा दाखला कोण काढणार, सांगा तुमीच. शाळेत घालायला आबानं मोठ्या दादाला नेलं, त्यो एकटा बसंना, रडायला लागला, मंग गुरुजी, नाकातून बोलायचे, असं, म्हणले, बसू द्या हिलाबी संगं. आन् दोघाला जूनची एकच तारीख टाकली. झालो जुळे! दादाला मिशा फुटल्या आन् मी आपली त्याच्या खांद्याखाली.

नकलेची खोड मला पहिल्यापासून. बकरं, गुरुजी, जीपवाला, समद्यायची काढते. तर बारावी झाली आन् चुडाव्याचं स्थळ आलं. आबा म्हणला, शाळेच्या हिशोबानं अठरा झाली, माणसं चांगली हायत, करून टाकू. मला नर्सिंग शिकायचं व्हतं, पर काय सांगू तुमाला, जगाचे आवाज काढणारी मी, आबापुढं माझाच आवाज निघंना.

पाव्हणे मला बघून गेले. ती व्हणारी सासू लय ठसक्यात चालायची, एक हात कमरंवर. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, चढून मैत्रिणीला तीच चाल दाखवायले, घसरला पाय, पडले मनगटावर. टम्म सुजलं. माय म्हणली, सासूनं आत्ताच हात मोडला का गं?

आबानं गंगाखेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं एक्सरे काढला, उजेडाला धरला, म्हणल्या, मोडलं नाही काही, मुका मार आहे. मंग परत बघितलं. वय काय हिचं? आबा छाती फुगवून म्हणला, अठरा पुरे. बाई म्हणल्या, इकडं या बाबा, हाडाच्या टोकाशी ही काळी रेघ दिसती का? फट आहे ती. पोरगी वाढती तोवर उघडी असती, वाढ झाली की बुजती. हिची चांगली उघडी आहे. हाड काही तारीख सांगत नाही, थोडं इकडंतिकडं होतं, पण अठराची नाही वाटत मला, सोळाच्या आसपास असंल.

आबा एक्सरे घेऊन भाईर उन्हात हुबा राहिला, लय येळ. मेंढराचं वय त्यो दातावरून सांगतो. दुधाचे दात हायत तवर मेंढी नराजवळ सोडत न्हाई, कुणी कितीबी घाई करू दे. घरी आल्यावर मायला म्हणला, मुक्या जित्राबाचे दात बघतो मी, आन् लेक गुरुजीच्या तारखंवर द्यायलो व्हतो. मंग माझ्या मनगटाला हळद लावता लावता इचारलं, रेणे, तुला काय करायचंय गं? तवा निघाला माझा आवाज, फाटका, रडका, पर माझाच.

आता परभणीला नर्सिंगचं दुसरं वर्स हाय. एक्सरे आबानं खिडकीला लटकवलाय. कुणी स्थळ आणलं की काढतो, उन्हाला धरतो, म्हणतो, बगा पाव्हणं, फट उघडी हाय, थांबा अजून. मी म्हणते, आबा, आता बुजली असंल ती. त्यो म्हणतो, असू दे की, ह्याच्यात हाय ना उघडी?

तुमचा च्या पिऊन झाला की आबा तुमालाबी दाखवील बगा. नीट बगा, आन् मान हलवा बरं, लय बरं वाटतं त्याला.